दोन शब्दांमधलं अंतर

हे मनन सावकाश करायचं आहे. जवळ एक कोरा कागद आणि पेन्सिल असू द्या, मध्ये काही वेळा त्यांची गरज लागेल. कुठं थांबून नुसतं पाहत राहावंसं वाटलं, तर जरूर थांबा.

मनात एक छोटा निरोप धरा. लेकीनं फोनवर लिहून विचारलंय, 'दादा कधी आला?' घरून आई उत्तर लिहिते, 'काल आला'. दोनच शब्द. आईचं बोट काचेवरून उचललं जातं आणि शब्द निघतात. घरातल्या वायफायच्या खोक्यापर्यंत हवेतून, पुढं तांब्याच्या किंवा काचेच्या तारेतून, मग एकामागून एक राउटर ओलांडत, शेवटी एखाद्या मनोऱ्यावरून पुन्हा हवेत, आणि लेकीच्या हातात.

या वाटेवर अक्षरं नसतात. असतात ते बिट, म्हणजे एक किंवा शून्य. आपल्या लिपीतलं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो की काना, युनिकोडच्या रूढ मांडणीत २४ बिटांचं होतं. क, काना, ल, मधली मोकळी जागा, आ, ल, काना. मोकळ्या जागेला ८ बिट पुरतात. सगळे मिळून १५२. खऱ्या प्रवासात हे बिट बहुतेक वेळा सांकेतिक कुलपात बंद करून पाठवतात. मननासाठी आपण ते उघडेच पाहू.

आता या १५२ मधून पहिल्या शब्दातल्या 'ल'पाशी या. त्याचे शेवटचे आठ बिट कागदावर लिहा: १०११००१०. त्याच्या खाली 'ळ'चे शेवटचे आठ लिहा: १०११००११. बाकीचे सोळा दोघांचेही सारखेच आहेत. एकेक घर वरून खाली पाहत चला. सात घरं जुळतात. फक्त शेवटचं वेगळं आहे.

वाटेत तेवढा एक बिट उलटला, तर लेकीच्या फोनवर दिसेल: 'काळ आला'.

इथं थांबा. निरोपातले १५१ बिट बरोबर पोचले, एकच चुकला. शेकड्यात मोजाल तर निरोप जवळजवळ अचूक आहे, आणि वाचणारीच्या पायाखालची जमीन सरकली आहे. चुकीचा आकार आणि चुकीचा परिणाम यांचा काही हिशेब जुळत नाही. आजच्या मननाचा प्रश्न इथूनच निघतो: ज्या वाटेवर एकेक बिट इतका नाजूक आहे, त्या वाटेवरून रोज एवढं सगळं सुखरूप पोचतं कसं?

आधी बिट उलटतो कशानं ते पाहू. तारेत किंवा हवेत एक आणि शून्य असे कोरलेले नसतात. तिथं विजेचा दाब कमीजास्त होतो, प्रकाशाचा किंवा रेडिओलहरीचा आकार बदलतो. पलीकडचं यंत्र ठरावीक क्षणी मोजमाप घेतं आणि निवाडा करतं, एका रेषेच्या वर असेल तर एक, खाली असेल तर शून्य. मोजमाप रेषेच्या अगदी जवळ आलं, आणि त्याच क्षणी थोडा धक्का बसला, की निवाडा चुकतो.

धक्के अनेक असतात. वीज चमकते, लिफ्टची मोटर सुरू होते, मध्ये जाड भिंत येते. पण हे सगळं बाजूला केलं तरी एक गोंगाट उरतोच. १९२८ साली बेल प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन आणि हॅरी नायक्विस्ट यांनी तो मोजून आणि मांडून दाखवला. कोणत्याही वाहकात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सतत थरथरत असतात, आणि ती थरथर विजेच्या संदेशात मिसळते. तार कितीही चांगली घ्या, कारागीर कितीही कुशल असू द्या. जिथं ऊब आहे तिथं हा गोंगाट आहे. त्यात कुणाचा दुष्टपणा नाही, हलगर्जीपणाही नाही.

ही गोष्ट मनात नीट मुरू द्या. निर्दोष वाट मिळणार नाही. इथून पुढचा सगळा विचार ही गोष्ट मान्य करून उभा राहतो.

उपाय म्हणून पहिल्यांदा काय सुचतं? तेच दोनदा पाठवावं. दोन प्रती जुळल्या नाहीत, तर कुठंतरी बिघडलंय एवढं कळतं, पण कुठली प्रत खरी ते कळत नाही. मग तीनदा पाठवावं आणि बहुमत घ्यावं. हे चालतं, पण १५२ बिटांसाठी ४५६ बिट खर्ची पडतात. याहून कमी खर्चात भागेल का?

पुन्हा 'ल'च्या त्या आठ बिटांकडे पाहा. १०११००१०. यातले एक मोजा. चार आहेत, म्हणजे सम. आता पाठवणारा आणि घेणारा यांनी आधीच एक नियम ठरवला आहे असं समजा: दर आठ बिटांमागे नववा जोडायचा, आणि तो असा निवडायचा की एकांची संख्या नेहमी सम राहील. इथं ती आधीच सम आहे, म्हणून नववा बिट शून्य. पलीकडे पोचताना शेवटचा बिट उलटून 'ल'चा 'ळ' झाला, तर एक होतात पाच. विषम. घेणाऱ्याला मराठी येत नाही, दादा कोण ते ठाऊक नाही, तरी त्याला कळतं की यात काहीतरी बिघडलं आहे.

याला पॅरिटी म्हणतात. तिचं मोल समजून घ्या. नववा बिट निरोपाबद्दल नवीन काहीच सांगत नाही. उरलेले आठ माहीत असले, तर तो काय असणार हे आपल्याला आधीच कळतं. अर्थाच्या हिशेबात तो जास्तीचा आहे, आणि जास्तीचा आहे म्हणूनच साक्षीदार होऊ शकतो. जे काही नवीन सांगत नाही, तेच बाकीच्यांची पारख करू शकतं.

त्याच्या मर्यादाही आताच पाहून ठेवू. दोन बिट एकदम उलटले तर संख्या पुन्हा सम होते आणि साक्षीदार गप्प राहतो. एकच उलटला तर तो बोलतो, पण 'काहीतरी चुकलं' एवढंच. कुठं, ते त्याला सांगता येत नाही.

'कुठं' हा प्रश्न १९४७ साली रिचर्ड हॅमिंगच्या मागे लागला. हॅमिंग बेल प्रयोगशाळेत गणिती होते. तिथलं गणनयंत्र विजेच्या रिलेंवर चाले आणि कामं त्याला भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून दिली जात. हॅमिंगना ते शनिवार-रविवारी मिळे. आपलं काही चुकलं, तर ते या यंत्राला ओळखता येई. आठवड्यात माणसं हजर असत, ती दुरुस्त करून काम पुढं चालू करीत. सुट्टीच्या दिवशी कुणी नसे, तेव्हा यंत्र अडलेलं काम सोडून देई आणि पुढचं हाती घेई. दोन सोमवार लागोपाठ हॅमिंगनी येऊन पाहिलं, तर त्यांचं काम तसंच टाकून दिलेलं. त्यांच्या मनात आलेला प्रश्न साधा होता. यंत्राला चूक झाली हे ओळखता येतं, तर ती कुठं झाली हे ओळखून त्यानं स्वतःच का दुरुस्त करू नये?

उत्तर आपण हातानं काढून पाहू. कागद पुढं घ्या.

तीन वर्तुळं काढा, एकमेकांत शिरलेली. एक वर, एक खाली डावीकडे, एक खाली उजवीकडे. आतमध्ये सात कप्पे तयार होतील. मधोमध एक कप्पा तिघांचा. त्याच्याभोवती तीन कप्पे दोघादोघांचे. आणि बाहेरच्या बाजूला प्रत्येक वर्तुळाचा स्वतःचा एक.

'ल'चे शेवटचे चार बिट घ्या: ००१०. पहिला शून्य वरच्या आणि डाव्या वर्तुळाच्या सामाईक कप्प्यात लिहा. दुसरा शून्य डाव्या आणि उजव्याच्या. तिसरा, म्हणजे एक, उजव्या आणि वरच्याच्या. चौथा शून्य मधोमध. बाहेरचे तीन कप्पे अजून रिकामे आहेत. ते आता असे भरा की प्रत्येक वर्तुळातल्या एकांची संख्या सम व्हावी. वरच्या वर्तुळात एक 'एक' आहे, म्हणून त्याच्या बाहेरच्या कप्प्यात १. डाव्यात एकही नाही, म्हणून ०. उजव्यात एक आहे, म्हणून १. चार बिटांचे सात झाले.

आता वाटेतला गोंगाट तुम्हीच व्हा. 'काल'चा 'काळ' करणारा तो शेवटचा बिट मधल्या कप्प्यात आहे. तो खोडून १ करा, आणि तिन्ही वर्तुळं पुन्हा मोजा. वरचं विषम झालं. डावं विषम झालं. उजवंही विषम झालं. तिघांचीही तक्रार आहे. तिघांमध्ये एकदम असलेला कप्पा एकच, मधला. तो उलटा करा. 'ल' परत आला.

घाई न करता आणखी एकदा करून पाहा. सगळं पूर्ववत करा आणि उजव्या-वरच्या कप्प्यातला १ खोडून ० लिहा. वरचं विषम, उजवं विषम, डावं शांत. म्हणजे चूक त्या दोघांत आहे आणि तिसऱ्यात नाही, असा कप्पा शोधायचा. तोही एकच आहे. आणि जोडलेल्या तीन बिटांपैकीच एखादा उलटला, तर? तर एकटं त्याचंच वर्तुळ तक्रार करतं, आणि आपल्याला कळतं की साक्षीदारच घसरला, निरोप शाबूत आहे. सातही कप्प्यांची तक्रार वेगवेगळी आहे. तिघांपैकी एकाही साक्षीदाराला जागा ठाऊक नाही. प्रत्येक जण आपल्यापुरतं 'सम' किंवा 'विषम' एवढंच म्हणतो. जागा कळते ती त्यांचं म्हणणं एकत्र ठेवल्यावर.

हॅमिंग यांचा लेख एप्रिल १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. आपण आत्ता काढली ती त्यातली सर्वांत ओळखीची रचना. ती १९४८ मध्येच क्लॉड शॅनन यांनी आपल्या लेखात उदाहरण म्हणून दिली होती.

कागदावरची नजर काढू नका. एक खोल गोष्ट अजून पाहायची आहे.

भरलेले सात बिट ओळीत लिहा, आधी मूळचे चार, मग जोडलेले तीन. 'ल'चे होतात ००१०१०१. हेच 'ळ'च्या ००११ साठी केलं तर होतात ००११०१०. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून फरकाची घरं मोजा. चार आहेत. मघाशी या दोघांत एका बिटाचा फरक होता, एका धक्क्यानं एकातून दुसऱ्यात पडता येत होतं. आता मध्ये चार पावलं आहेत.

हॅमिंग यांनी केलं ते हे. त्यांनी वाट सुधारली नाही. त्यांनी शब्दांमध्ये अंतर राखलं. सात बिटांच्या एकूण १२८ जुळण्या होतात. त्यांपैकी फक्त १६ वापरायच्या ठरवल्या, आणि त्या अशा निवडल्या की कुठल्याही दोघींत कमीत कमी तीन घरांचा फरक असावा. उरलेल्या ११२ जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या. शब्द धक्का खाऊन एखाद्या रिकाम्या जागी जाऊन पडला, की तिथं तो कुणाचाच नसतो, म्हणून लगेच ओळखू येतो. आणि एका पावलावर ज्याचं घर, तिथं त्याला परत नेता येतं. प्रत्येक शब्दाभोवती सात शेजारी आणि तो स्वतः मिळून आठ जागा. सोळा आठे एकशे अठ्ठावीस. एकही जागा बेवारस राहत नाही, एकाही जागेवर दोघांचा दावा नाही.

या आकड्यापाशी थोडं बसा. रिकामी जागा ही इथं उधळपट्टी नाही. चूक उघडी पडते ती त्या रिकाम्या जागेतच. सगळ्या जागा शब्दांनी भरून टाकल्या असत्या, तर प्रत्येक चूक दुसरा कुठला तरी खरा शब्द म्हणून खपून गेली असती. 'काल' आणि 'काळ' यांचं नेमकं तेच झालं होतं.

आणि याच चित्रात एक सावधगिरीही आहे. मधला कप्पा आणि उजव्या-वरचा कप्पा, दोन्ही एकदम उलटे करून मोजा. वरचं सम, उजवं सम, डावं एकटं विषम. नियमाप्रमाणे आपण डाव्याचा बाहेरचा बिट उलटतो, जो बिचारा बरोबर होता. दोन चुका होत्या, त्यांच्या तीन झाल्या, आणि आपण समजतो की निरोप शुद्ध झाला. दुरुस्ती ही नेहमी एका गृहीतावर चालते: चुका थोड्या आहेत. ते गृहीत मोडलं, की दुरुस्त करणारा हातच बिघडवतो. म्हणून जिथं तेवढी खात्री नसते, तिथं शहाणी यंत्रणा दुरुस्तीच्या भानगडीत पडत नाही. ती दुसरं काहीतरी करते. तिकडे वळूच.

त्याआधी शॅनन. १९४८ च्या त्या लेखात त्यांनी सिद्ध केलं की प्रत्येक गोंगाटी वाटेची एक ठरावीक मर्यादा असते. तिच्याहून कमी वेगानं पाठवत राहिलात, तर योग्य संकेत वापरून चुकीची शक्यता हवी तितकी खाली आणता येते. त्यासाठी वेग शून्याकडे न्यावा लागत नाही. हे शक्य असेल असं त्या काळी कुणाला वाटलं नव्हतं. मात्र तसे संकेत कसे बांधायचे, हे शॅनन यांनी सांगितलं नाही. असे संकेत आहेत, एवढंच सांगितलं.

मग माणसं शोधायला निघाली. १९५९ साली राजचंद्र बोस आणि त्यांचे शिष्य शरदचंद्र श्रीखंडे यांनी संकेतांच्या बांधणीवर एक टिपण लिहिलं. हेच श्रीखंडे पुढं मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले. चौरस मांडण्यांच्या ज्या गणितानं त्यांनी त्याच वर्षी ऑयलरचं जुनं अनुमान खोटं ठरवलं, त्याची नाळ या संकेतांशी जुळलेली होती. १९६० मध्ये बोस आणि राय-चौधुरी यांनी एकाहून जास्त चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांचं एक मोठं कुटुंब मांडलं. त्याच साली मॅसॅच्युसेट्समध्ये रॉबर्ट गॅलेगर यांनी आपल्या प्रबंधात आणखी एक रचना दिली. ती शॅननच्या मर्यादेच्या फार जवळ जाणारी होती, पण ती चालवायला लागणारं बळ त्या काळच्या यंत्रांत नव्हतं. प्रबंध तीस-पस्तीस वर्षं जवळपास विसरला गेला आणि १९९० च्या दशकात पुन्हा हाती आला. आज फाइव्ह-जीवर येणारी माहिती त्याच रचनेच्या आधारानं उलगडते. चांगला विचार कधी कधी यंत्राच्या आधी जन्माला येतो, आणि यंत्र येईपर्यंत तो जपून ठेवणं एवढंच काम उरतं.

आता संगणकांच्या जाळ्यात शिरू आणि दुरुस्तीऐवजी दुसरं काय करता येतं ते पाहू.

शाळेत गुणाकार तपासायला नवाचा ताळा शिकवत. २३ गुणिले १४ बरोबर ३२२. दोन आणि तीन पाच, एक आणि चार पाच, पाच पंचे पंचवीस, दोन आणि पाच सात. तिकडे तीन, दोन, दोन मिळून सात. ताळा जुळला. आतलं गणित इतकंच की नवानं भागल्यावर उरणारी बाकी दोन्हीकडे सारखी हवी. पण उत्तर चुकून २३२ लिहिलं असतं, तरी बेरीज सातच आली असती. अंकांची अदलाबदल या ताळ्याला दिसत नाही.

जाळ्यातली तपासणीही ताळाच आहे. जाळ्यावरून माहिती पोचवण्याच्या नियमांचा एक संच म्हणजे टीसीपी. त्याच्या प्रत्येक पॅकेटमध्ये १६ बिटांचा एक ताळा असतो. तो मूलतः बेरजेचा, त्यामुळे त्याचा आंधळेपणाही तोच. १६ बिटांचे दोन तुकडे आपसात जागा बदलून बसले, तर बेरीज तीच राहते. इथरनेटच्या तारेवर याहून कडक ताळा आहे, सीआरसी. संपूर्ण फ्रेम, म्हणजे तारेवरून एका वेळी जाणारा माहितीचा गठ्ठा, ही एक लांबलचक संख्या मानायची, ठरलेल्या भाजकानं तिला हातचे न घेता भागायचं, आणि ३२ बिटांची बाकी शेवटी जोडून पाठवायची. भागाकारात जागेला किंमत असते, म्हणून अदलाबदल सहसा सुटत नाही. ३२ बिटांच्या पट्ट्यात एकवटलेली कोणतीही चूक हा ताळा हमखास पकडतो. फ्रेम पार विस्कटून गेली, तरी ती चुकून खरी भासण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक.

अदलाबदल ही माणसाची नेहमीची चूक. आपल्या आधार क्रमांकाचा बारावा अंक तिच्यासाठीच आहे. डच गणिती याकोबुस वेरहूफ यांनी १९६९ मध्ये दिलेल्या रीतीनं तो आधीच्या अकरांवरून काढतात. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर तो जुळत नाही.

ताळा चुकला की पुढं काय होतं? इथं मन थोडं थांबवा, कारण घडतं ते अनपेक्षित आहे. इथरनेटवर बाकी जुळली नाही, तर घेणारा ती फ्रेम टाकून देतो. तक्रार नाही, निरोप नाही, अंदाजानं डागडुजी नाही. संशय असलेली गोष्ट तो पुढं जाऊ देत नाही, बस्स. तिकडे आईच्या फोननं पाठवलेल्या मजकुराची प्रत अजून हातची सोडलेली नसते. पोच येईपर्यंत ती ठेवायची, असा टीसीपीचा नियम आहे. प्रत्येक बाइटाला क्रमांक असतो, आणि घेणारा 'इथपर्यंत मिळालं' एवढीच पोच देत राहतो. ठरल्या वेळात पोच आली नाही, की पाठवणारा तेच पुन्हा पाठवतो. वायफायवर तर फ्रेमगणिक पोच मागतात.

यातली शिस्त पाहा. घेणारा म्हणतो, संशयित गोष्टीपेक्षा काहीच नसलेलं बरं. पाठवणारा म्हणतो, तू मिळालं म्हणेपर्यंत माझं काम संपलं नाही. ही दोन वाक्यं दोन्ही टोकांना मनापासून पाळली, तर मधली वाट कितीही भरवशाची नसली तरी चालतं. बोलण्याचा फोन मात्र एवढा वेळ थांबू शकत नाही. तिथं हरवलेला आवाजाचा कण सोडून देऊन पुढं जातात.

आणि जिथं पुन्हा विचारायची सोयच नाही, तिथं?

१९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ आज इतकं दूर आहे, की त्याचा रेडिओसंदेश पृथ्वीवर यायला २२ तासांहून जास्त लागतात. त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती वीस-बावीस वॉटच्या आसपास. 'नीट ऐकू आलं नाही, परत सांग' म्हणायचं, तर उत्तर हाती यायला दोन दिवस जातात. तिथं शब्दांनी आपली शिदोरी बरोबर घेऊनच निघायला हवं. १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ युरेनसपाशी पोचलं, तेव्हा तिथली चित्रं ज्या संकेतांत बांधून आली, त्यांतला एक आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेला होता. दर २२३ बाइटांमागे ३२ जास्तीचे, आणि कुठलेही १६ बिघडले तरी दुरुस्ती.

त्याचा गाभा कागदावर दिसतो. पेन्सिल पुन्हा घ्या. एक सरळ रेषा ओढा. ती सांगायला दोन बिंदू पुरेत. पण तुम्ही तिच्यावरचे पाच बिंदू पाठवा. वाटेत एक भलतीकडे सरकला. घेणारा पाहतो, चार एका रेषेत आहेत, एक बाहेर पडला आहे. रेषा कोणती होती, याबद्दल शंका उरत नाही, आणि पाचवा कुठं असायला हवा होता तेही समजतं. रीड आणि सॉलोमन यांनी रेषेऐवजी वक्र घेतले, आणि कागदाऐवजी मोजक्या संख्यांचं बंदिस्त अंकगणित. तत्त्व हेच. निरोप बिंदूंत नसतो, बिंदूंना जोडणाऱ्या आकारात असतो, आणि आकार थोडे बिंदू गेले तरी टिकतो.

युरेनसइतकं दूर जायला नको. भाजीच्या गाडीवर तराजूला चिकटवलेला क्यूआर कोड जवळ जाऊन पाहा. जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये १९९४ साली तो तयार झाला, तेव्हा कारखान्यातला मळ आणि तेलाचे डाग गृहीतच धरले होते. त्यात हाच रीड-सॉलोमन संकेत आहे, आणि त्याच्या चार पातळ्या ठरलेल्या आहेत. सुमारे ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता यावा, अशा. पावसानं कोपरा उडाला, मातीचा ठसा उमटला, तरी पैसे योग्य खात्यात जातात. त्या चौकोनातले बरेचसे ठिपके खातं सांगायला नसतात. इतर ठिपके पुसले गेले, तर त्यांच्या वतीनं बोलायला ते असतात.

शेवटची पायरी. सगळे ताळे जुळले, म्हणजे निरोप खरा, असं मनात येत असेल, तर ही हकिगत ऐका. साल्ट्झर, रीड (मघाचे नव्हेत, दुसरे) आणि क्लार्क या तिघांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात ती नोंदलेली आहे. एमआयटीत काही स्थानिक जाळी एकमेकांना जोडलेली होती आणि प्रत्येक टप्प्यावर तारेवरचा ताळा तपासला जाई. जोडणाऱ्यांपैकी एका संगणकात मधूनच एक दोष निर्माण झाला. आलेली माहिती आपल्या स्मृतीत एका जागेवरून दुसरीकडे उतरवताना तो साधारण दहा लाख बाइटांत एकदा बाइटांची जोडी उलटी करी. तारेवर सगळं बरोबर होतं. बिघाड ताळा काढल्यानंतर आणि पुढचा ताळा घालण्याआधी होत होता, म्हणून बिघडलेल्या माहितीवरही शुद्धतेची मोहर उमटे. एका कार्यप्रणालीच्या मूळ फायली त्या संगणकातून वारंवार गेल्या आणि काही बिघडल्या. शेवटी माणसांना जुन्या छापील याद्या काढून ओळीनं ओळ जुळवत बसावं लागलं.

त्या लेखाचं म्हणणं असं, की वाटेतल्या तपासण्या उपयोगी आहेत, त्यांनी काम वेगानं होतं, पण खात्री फक्त दोन टोकं एकमेकांना देऊ शकतात. ज्याला निरोप द्यायचा होता आणि ज्याला तो हवा होता, त्यांनीच तो अखेर पडताळायचा. मधल्या कुणालाही ते काम सोपवता येत नाही, कारण मधला फक्त आपल्या टप्प्याची साक्ष देतो.

आता आजच्या मननातलं सगळं एकत्र ठेवून पाहू. वाटेत गोंगाट असणारच. निरोप टिकतो तो त्याच्याबरोबर जास्तीचं काही पाठवल्यामुळे. ते जास्तीचं शब्दांना एकमेकांपासून दूर ठेवतं, आणि त्या अंतरात चूक दिसू लागते. चुका थोड्या असल्या तर सुधाराव्या. खात्री नसेल तर आलेलं टाकून द्यावं आणि पुन्हा मागावं. मागता येत नसेल तर निघतानाच जास्त शिदोरी द्यावी. यातली प्रत्येक गोष्ट पाठवणाऱ्यानं घेणाऱ्यासाठी आधीच उचललेले कष्ट आहेत. पूर्ण निश्चिंती मात्र यांतलं काहीच देत नाही. ४२९ कोटींत एक ही शक्यता लहान आहे, शून्य नाही. आपण शंका नाहीशी करत नाही, तिच्याबरोबर निर्धास्तपणे जगता येईल इतकी ती लहान करतो.

उठण्याआधी एक गोष्ट ठरवा. कुणाला फोनवरून औषधाची मात्रा, गाडीची वेळ किंवा खात्याचा क्रमांक सांगाल, तेव्हा सांगून फोन ठेवू नका. 'परत म्हणून दाखव' असं म्हणा, आणि समोरचा म्हणत असताना आपल्या जवळच्या कागदाशी अंक न् अंक जुळवा. याला अर्धं मिनिट लागतं. वाटेतल्या सगळ्या यंत्रांनी आपापलं काम केलं, तरी टोकावरचं हे काम आपलंच राहतं.